एडीएचडी आणि मुलांचा आहार : काय बदलावं, काय सोडून द्यावं?

मोगरी:
लेक आठ वर्षांचा आहे. नुकतंच त्याचं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराचं, निदान झालं. शाळेतून तक्रारी येतच होत्या, त्यामुळे धक्का असा बसला नाही. उलट त्या सगळ्याला एक नाव मिळालं म्हणून थोडं हायसंच वाटलं. डॉक्टरांनी आम्हा दोघांसाठी पालक-प्रशिक्षण आणि त्याच्यासाठी औषध सुचवलंय. औषधाला माझा विरोध नाही, पण लगेच हो म्हणायचा धीरही होत नाहीये.

तेवढ्यात घरातून आणि फोनवरून सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणतात साखर बंद कर. नणंद म्हणते दूध आणि गहू बंद. शेजारीण म्हणते माशाच्या तेलाच्या गोळ्या दे. ऑफिसातल्या एकीने तर झिंक, मॅग्नेशियम आणि आणखी कशाकशाच्या बाटल्यांचे फोटोच पाठवले. सगळ्यांचं ऐकलं तर लेकाच्या ताटात हवा आणि पाणी एवढंच उरेल. त्यात तो आधीच चार ठरलेले पदार्थ सोडून कशाला हात न लावणारा.

तर प्रश्न असा, की औषधाआधी नुसत्या आहारावर काही महिने काढून बघण्यात अर्थ आहे का? आणि बदलायचंच झालं तर सुरुवात कुठून करायची? स्वतःच्या मुलांच्या बाबतीत काय केलंत ते सांगा. "सगळं नैसर्गिक द्या" छापाचे सल्ले कृपया नकोत.

चिंचोका:
हवाही तपासून द्या, तिच्यात परागकण असतात. :)
गंमत सोडा. भाचीसाठी वाचतोय, जाणकारांनी लिहा.

खारूताई:
मोगरी, सासूबाईंचं ऐक. आम्ही मुलीची साखर बंद केली आणि फरक दिसला. कुणाच्या वाढदिवसाला जाऊन आली की रात्री घर डोक्यावर घेते. हे मी डोळ्यांनी बघितलंय, त्यासाठी मला कुठलं संशोधन नको.

उलटतपासणी:
नेमक्या त्या "डोळ्यांनी बघितलंय"चीच एकदा परीक्षा घेतली गेली आहे. १९९४ मध्ये अमेरिकेत पाच ते सात वर्षांचे असे मुलगे निवडले, ज्यांच्या आया म्हणत होत्या की साखर खाल्ली की हा बिथरतो. सगळ्यांना दिलं साखर नसलेलं, गोडी आणणाऱ्या ॲस्पार्टेमचं पेय. निम्म्या आयांना मात्र सांगितलं की साखर दिली आहे. त्या आयांना आपला मुलगा जास्त चंचल दिसला. शिवाय त्या मुलाच्या जास्त जवळ घोटाळत राहिल्या आणि त्याला जास्त टोकलं, हेही व्हिडिओवरून नोंदवलं गेलं.

त्याच वर्षी दुसरा प्रयोग झाला. कुटुंबांचं जेवणखाणच संशोधकांनी पुरवलं. तीन आठवडे भरपूर साखर, तीन आठवडे ॲस्पार्टेम, तीन आठवडे सॅकरिन, आणि कधी काय चालू आहे हे घरच्यांना ठाऊक नाही. यातली शाळकरी मुलं पालकांच्या मते "साखरेला संवेदनशील" होती. वर्तनात आणि बुद्धीच्या चाचण्यांत फरक सापडला नाही.

खारूताई:
म्हणजे मला भास होतात असं म्हणायचंय का तुम्हाला?

उलटतपासणी:
नाही हो. मुलगी घर डोक्यावर घेते हे खरंच असणार. पण वाढदिवसाला वीस मुलं, मोठ्याने गाणी, उशिरापर्यंत जागरण, नेहमीच्या वेळेला जेवण नाही, एवढं सगळं असतं. त्या गर्दीत पकडला जातो तो केक. साखर कमी करायला माझी ना नाही. दात आहेत, वजन आहे, आणि गोडाने पोट भरलं की बाकीचं ताटात तसंच राहतं. फक्त एडीएचडीवरचा उपाय म्हणून तिच्याकडे बघू नये.

झोपाळू:
खारूताई, माझ्या लेकाला एडीएचडी नाही आणि तरी वाढदिवसानंतर तो पंख्याला लटकायचा बाकी असतो. मी एडीएचडीवाली नाही आणि वीस मुलांच्या पार्टीनंतर मीही लटकते.

बालवैद्य:
बालरोगतज्ज्ञ आहे. इथे कुणाच्या मुलाला तपासत नाहीये, त्यामुळे हे सर्वसाधारण म्हणून वाचा.

मोगरीताई, काय काढायचं यावर एवढी चर्चा होते, की काय कमी आहे हे बघायचं राहून जातं. मी स्वतः पहिल्यांदा लोह बघतो. मेंदूत डोपामिन हे संदेशवाहक रसायन तयार करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला (एन्झाइमला) लोह लागतं, आणि एडीएचडीची बरीचशी औषधं डोपामिनवरच काम करतात. २००४ मध्ये फ्रान्समधल्या एका अभ्यासात एडीएचडी असलेल्या ५३ मुलांची इतर २७ मुलांशी तुलना केली. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहसाठ्याचा निर्देशांक, ३० च्या खाली असलेली मुलं पहिल्या गटात ८४ टक्के होती आणि दुसऱ्यात १८ टक्के. अभ्यास छोटा होता, पुढच्या सगळ्यांत इतका ठळक फरक आलेला नाही. नंतर फेरिटिन कमी असलेल्या २३ मुलांवर लोहाच्या गोळ्यांची चाचणी झाली. डॉक्टरांनी भरलेल्या मोजपट्टीवर सुधारणा दिसली, पालक आणि शिक्षकांच्या मोजपट्टीवर तितकी ठाम नाही. म्हणजे लोह हे एडीएचडीचं औषध नव्हे. पण कमतरता असेल तर ती कुठल्याही मुलात भरून काढायलाच हवी. तिच्यामुळे थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं आणि रात्री पाय स्वस्थ न राहिल्याने झोपमोड होते, आणि हे सगळं एडीएचडीत मिसळून जातं.

हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन कमी असू शकतं, म्हणून ते वेगळं मागून घ्या. ताप किंवा संसर्ग चालू असताना तपासू नका, तेव्हा ते खोटं वाढलेलं येतं. आणि तपासल्याशिवाय लोह सुरू करू नका. जास्त लोह मुलांना विषारी ठरतं. घरात बाटली असेल तर ती कुलपात.

अजून एक. जी मुलं "जेवत नाही पण दूध भरपूर पितो" या गटातली असतात त्यांचं लोह मी हमखास बघतो. दुधात लोह जवळजवळ नसतं, दुधाने पोट भरतं आणि इतर अन्नातल्या लोहाचं शोषणही कमी होतं.

मोगरी:
दूध भरपूर पितो. खूपच. तपासणीचं आजच डॉक्टरांना विचारते.

बापमाणूस:
आमचा दहा वर्षांचा, मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधावर आहे. आहार आणि एडीएचडी म्हटलं की लोक रंग आणि साखरेवर भांडतात. आमच्या घरात मात्र आहाराचा खरा प्रश्न औषध सुरू झाल्यावर उभा राहिला, तो म्हणजे भूक.

गोळी चढली की दुपारी भूक नावाची गोष्टच नसते. डबा जसाच्या तसा परत. सुरुवातीला आम्ही रोज त्यावरून वाद घालायचो, शाळेतून आल्या आल्या उलटतपासणी (आयडीची माफी मागून). संध्याकाळी औषध उतरलं की एकदम वखवख आणि त्याच वेळी चिडचिड. शेवटी दिवसाची आखणीच बदलली. सकाळी गोळीच्या आधी भरभक्कम नाश्ता. अंडी, दही, शेंगदाण्याचं किंवा बदामाचं लोणी, केळं, असं थोडक्यात जास्त ताकद देणारं. डब्यात थोडंसंच, त्याला आवडणारं, आणि संपवलंच पाहिजे असा आग्रह नाही. संध्याकाळी आल्यावर खरं जेवण, आणि झोपण्याआधी पुन्हा एक छोटं जेवण. घरातले बाकीचे आठला जेवतात आणि हा त्यांच्याबरोबर दुसऱ्यांदा बसतो.

वजन आणि उंची औषध सुरू करण्याआधी मोजून ठेवा, हे मात्र विसरू नका. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत उंची दर सहा महिन्यांनी आणि दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी मोजायला सांगितलंय. आमचे डॉक्टर वाढीच्या आलेखावर ठिपके जोडून दाखवतात. वजनाची रेघ सपाट व्हायला लागली तेव्हा त्यांनी गोळीची वेळ बदलली.

शुद्धलेखन:
"वखवख" हा शब्द फार दिवसांनी वाचला. छान वाटलं.

आमच्यावेळी:
हे सगळं वाचून गंमत वाटते. आमच्या वेळी एडीएचडी नव्हता, एक धपाटा बसला की लक्ष आपोआप लागायचं. पोरं घरचं खायची, मैदानावर खेळायची. आता रोगाला नाव मिळालंय आणि आईबापांना कारण.

अर्धवट_वाक्य:
काका, जॉर्ज स्टिल नावाच्या इंग्रज डॉक्टरने अशा मुलांचं वर्णन १९०२ मध्ये व्याख्यानांत करून ठेवलंय. तुमची वेळ त्याच्याही आधीची असेल तर शिरसाष्टांग नमस्कार... हे वाक्य मी सुरू केलं तेव्हा पुढे काय लिहायचं होतं ते विसरलो.

मी स्वतः चाळिशीतला एडीएचडीवाला. धपाटे भरपूर खाल्ले, लक्ष काही लागलं नाही, फक्त धपाट्याची चाहूल लागायला लागली. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७०-८० टक्क्यांच्या घरात धरतात, तेव्हा धाग्यावरच्या पालकांनी आपापल्या डब्यांचाही विचार करावा. मी कामात बुडालो की दुपारचं जेवण विसरतो आणि रात्री फ्रिजसमोर उभा राहून हाताला येईल ते खातो. एडीएचडी असलेल्यांत लठ्ठपणा जास्त आढळतो तो काही उगाच नाही. भूक लागली आहे हे कळायलाच आम्हाला उशीर होतो. लेकाला जेवणाच्या वेळा लावून द्या, "भूक लागली की सांग" यावर सोडू नका. हे मला कुणी आठव्या वर्षी लावून दिलं असतं तर बरं झालं असतं.

पाटीपेन्सिल:
+१ अर्धवट_वाक्य. प्राथमिक शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीच्या आधीचा तास आणि नंतरचा तास, वर्गातली मुलं वेगळीच असतात. एडीएचडीचं मूल उपाशी आलं असेल तर बाकीच्यांपेक्षा आधी कोलमडतं, एवढं मी अनुभवावरून सांगेन. कुठला पदार्थ यापेक्षा खाल्लंय की नाही हे जास्त जाणवतं.

मोगरीताईंना एक सुचवते. आहारात काही बदल करून बघणार असाल तर वर्गशिक्षिकेला आधी सांगू नका. तिला फक्त आठवड्याला एक छोटा तक्ता भरायला द्या. आम्हाला माहीत असलं की आम्हीही त्या आयांसारखंच बघायला लागतो.

कोरा_कागद:
साखर सुटली, पण रंगांचं कुणीच बोललं नाही. तो विषय एवढा हलका नाही.

बेंजामिन फाइनगोल्ड या अमेरिकन ॲलर्जीतज्ज्ञाने १९७० च्या दशकात मांडलं, की कृत्रिम रंग, कृत्रिम स्वाद आणि काही फळांत नैसर्गिकरीत्या असणारी सॅलिसिलेट्स काढली की अतिचंचल मुलं सुधारतात. त्याचे दावे पुढच्या चाचण्यांत तेवढे टिकले नाहीत. पण २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचा अभ्यास आला. तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना कधी रंग आणि सोडियम बेन्झोएट हे टिकाऊपणासाठीचं रसायन घातलेलं पेय, कधी तसंच दिसणारं साधं पेय दिलं. कुणाला कधी काय मिळालं हे मुलांना, पालकांना, शिक्षकांना माहीत नव्हतं. मिश्रणाने चंचलपणा थोडा वाढला. यानंतर युरोपीय संघाने जुलै २०१० पासून सहा रंगांसाठी वेष्टनावर इशारा सक्तीचा केला, की मुलांच्या हालचालींवर आणि अवधानावर विपरीत परिणाम होऊ शकतो. ते सहा असे: टार्ट्राझिन (ई १०२), क्विनोलिन यलो (ई १०४), सनसेट यलो (ई ११०), कार्मोइसिन (ई १२२), पाँसो ४आर (ई १२४), अल्युरा रेड (ई १२९). कितीतरी कंपन्यांनी इशारा छापण्यापेक्षा रंग बदलणं पसंत केलं.

उलटतपासणी:
बरोबर आहे, आणि त्या अभ्यासाची मांडणी साखरवाल्या समजुतीपेक्षा कितीतरी चांगली होती. दोन गोष्टी जोडतो. ती मुलं एडीएचडीची म्हणून निवडलेली नव्हती, सर्वसाधारण होती. आणि रंग व बेन्झोएट एकत्र दिल्यामुळे नक्की दोषी कोण ते सुटं झालं नाही. युरोपच्याच अन्नसुरक्षा संस्थेने २००८ मध्ये पुरावा मर्यादित आहे असं म्हटलं. अमेरिकेच्या सल्लागार समितीला २०११ मध्ये कार्यकारण संबंध सिद्ध झालेला वाटला नाही. उलट कॅलिफोर्निया राज्याच्या २०२१ च्या आढाव्याने काही मुलांच्या वर्तनावर रंगांचा परिणाम होतो असा निष्कर्ष काढला. एकाच पुराव्याकडे बघून तीन ठिकाणी तीन मतं.

माझं स्वतःचं मत? रंग काढून टाका. रंगात पोषण शून्य, त्यामुळे काढल्याने मुलाचं काही जात नाही. दूध-गव्हाचं तसं नाही.

खारूताई:
घ्या! म्हणजे आमच्या वाढदिवसाच्या केकवरच्या लाल-पिवळ्या फुलांत काहीतरी होतंच की.

उलटतपासणी:
असू शकतं. हा मुद्दा तुमचा. :)

गणपुले_नव्हे:
दूध-गव्हाचा विषय निघालाच आहे तर आमचं सांगते. मुलगा सात वर्षांचा असताना आम्ही "मोजक्या अन्नाचा" आहार केला. स्वतःच्या डोक्याने नाही, आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. भात, मांस, ठरावीक भाज्या, नासपती, पाणी. बस. पाच आठवडे असंच, आणि मग फरक दिसला तर एकेक पदार्थ परत आणून कशाने बिघडतं ते शोधायचं.

हे ज्यावर बेतलंय तो अभ्यास नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये झाला, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चार ते आठ वर्षांची १०० मुलं होती. आहाराच्या गटातल्या ५० पैकी ४१ जणांनी तो पूर्ण केला आणि त्यातल्या ३२ जणांत चांगली सुधारणा नोंदवली गेली. आकडा वाचला आणि आम्हाला वाटलं, सापडलं! टीका नंतर वाचली. पालक आणि शिक्षकांना माहीत होतं की मूल आहारावर आहे.

आमच्याकडे काय झालं? पहिल्या दोन आठवड्यांत आम्हाला मुलगा शांत वाटला. नवऱ्याला तर फारच. बाईंना काही सांगितलं नव्हतं आणि त्यांच्या तक्त्यात काडीचा फरक नव्हता. तिसऱ्या आठवड्यात तो मित्राच्या डब्यातलं चोरून खायला लागला, वजन उतरलं, जेवणाच्या टेबलावर रडारड. आहारतज्ज्ञांनीच थांबवायला सांगितलं. कुणाला उपयोग झाला असेल तर मी नाकारत नाही, पण ज्याचं मूल आधीच निवडून खातं त्याने शंभरदा विचार करावा.

आणि हो, त्याआधी एका प्रयोगशाळेने आम्हाला एक महागडी रक्ततपासणी विकली होती. आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांवरून "हे वीस पदार्थ बंद करा" अशी यादी येते. त्याच अभ्यासात ही तपासणी पडताळून पाहिली होती आणि तिच्यावरून कुठला पदार्थ त्रास देईल ते ओळखता आलं नाही.

आहारवाली:
गणपुले_नव्हे, बाईंना न सांगता तक्ता भरून घेतलात, हे फार थोडे पालक करतात. आयजीजीबद्दल शंभर टक्के अनुमोदन. ती प्रतिपिंडं बहुतेक वेळा एवढंच सांगतात की मूल तो पदार्थ खातं. खरी ॲलर्जी किंवा सीलिॲकचा (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या आतड्याच्या आजाराचा) संशय असेल तर त्याच्या तपासण्या वेगळ्या असतात आणि त्या जरूर कराव्यात. सीलिॲकची तपासणी गहू बंद करण्याआधी करायची असते. बंद केल्यावर केली तर चुकीची "ठीक" येऊ शकते. नणंदबाईंना एवढं कळवा.

माशाच्या तेलाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. २०११ मध्ये दहा चाचण्यांतल्या ६९९ मुलांचा एकत्रित हिशोब झाला, त्यात माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ या स्निग्धाम्लांचा फायदा दिसला, पण लहान. ईपीए या घटकाचं प्रमाण जास्त असलेल्या तेलांत जरा बरा. नंतर वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला, त्यात एकंदर फायद्याचा पुरावा तुटपुंजाच निघाला. औषधांच्या परिणामाशी त्याची बरोबरी होत नाही. द्यायचंच असेल तर तीन महिने देऊन बघा आणि फरक नसेल तर थांबवा, वर्षानुवर्षं चालू ठेवू नका. मासे खाणारं मूल असेल तर आठवड्यातून दोनदा मासे, काम झालं.

आणि बाटली वाचून घ्या. माशाचं तेल आणि कॉड माशाच्या यकृताचं तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात अ आणि ड जीवनसत्त्वं भरपूर असतात, ती शरीरात साठतात. ओमेगासाठी म्हणून त्याचे चमचे वाढवत गेलात तर अ जीवनसत्त्वाचा अतिरेक होतो.

चिंचोका:
लहानपणी आजी नाक दाबून पाजायची ते दुसरंच होतं बहुतेक. अवधान वाढलं नाही, आजीला बघून पळायचा वेग वाढला.

झोपाळू:
झिंकचं काय? माझ्या वहिनीने सुरू केलंय.

आहारवाली:
तुर्कस्तान आणि इराणमधल्या चाचण्यांत २००४ मध्ये फायदा दिसला, अमेरिकेतल्या नंतरच्या छोट्या चाचणीत दिसला नाही. कमतरता असेल तर द्यावं. उगाच जास्त दिवस जास्त दिलं तर तांबं कमी होतं.

उलटतपासणी:
विषयांतर थोडं. गोळ्यांवरून एक मजेशीर अभ्यास आठवला, २०२२ चा, अमेरिका आणि कॅनडातला. ६ ते १२ वयाच्या १३५ मुलांना आठ आठवडे जीवनसत्त्वं आणि खनिजांचं मोठ्या मात्रेचं मिश्रण किंवा तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. कुणाला काय मिळतंय हे माहीत नसलेल्या डॉक्टरांच्या मते खऱ्या गोळ्यांवरची ५४ टक्के मुलं सुधारली आणि खोट्यांवरची १८. पालकांच्या तक्त्यांत मात्र दोन्ही गट सारखेच सुधारलेले!

साखरेच्या प्रयोगात आयांना नसलेलं दिसलं, इथे डॉक्टरांना दिसलेलं आईबापांना दिसेना. मला यातलं काय खरं मानायचं ते ठरवता आलेलं नाही.

बालवैद्य:
दोन्ही खरं असू शकतं. खोट्या गोळ्यांवरही पालकांना मूल सुधारलेलं दिसतं, आणि त्या लाटेत खरा फरक बुडून जातो. त्यात चिडचिड आणि भावनांचा उद्रेक असलेली मुलं मुद्दाम निवडली होती हेही लक्षात घ्या. पुढचे अभ्यास येऊ देत. आत्ता मी कुणाला हे लिहून देत नाही.

चालक (मंडळ):
दोन प्रतिसाद उडवले आहेत. गोळ्यांच्या विक्रीचे दुवे इथे देऊ नयेत. "आमच्यावेळी" यांनी दुसऱ्या सदस्याच्या पालकत्वावर केलेली टिप्पणीही काढली आहे.

आमच्यावेळी:
ठीक. पण मैदानावर खेळण्याचा मुद्दा तरी राहू द्या.

पाटीपेन्सिल:
तो राहू दे, काका. खेळून आलेली मुलं पुढच्या तासाला जास्त टिकतात आणि रात्री झोपतात. त्या बाबतीत तुमच्याशी भांडण नाही.

बालवैद्य:
मोगरीताईंचा मूळ प्रश्न बाजूला पडलाय. औषधाआधी नुसत्या आहारावर काही महिने काढावेत का?

सहा वर्षांखालच्या मुलांत आम्ही पालक-प्रशिक्षणच आधी सुचवतो, औषध नंतर. आठ वर्षांच्या मुलात दोन्ही बरोबर, अशीच बहुतेक मार्गदर्शक सूचनांची दिशा आहे. नाइसच्या सूचना तर स्पष्ट सांगतात की एडीएचडीसाठी म्हणून सरसकट रंग वर्ज्य करायला किंवा ओमेगाच्या गोळ्या घ्यायला सांगू नका. संतुलित आहार आणि व्यायामावर भर द्या. एखाद्या पदार्थाचा आणि वर्तनाचा संबंध पालकांना सतत दिसत असेल तर रोजनिशी ठेवायला सांगा, आणि तिच्यात तो खरंच दिसला तर आहारतज्ज्ञांकडे पाठवा.

रक्ततपासणीचे, वजन-उंची मोजण्याचे, रोजनिशीचे दोन-चार आठवडे गेले तर काही बिघडत नाही. पण "आधी गहू बंद करून बघू, मग दूध, मग तेल" असं करत शाळेचं वर्ष निघून जातं. त्या वर्षात मूल रोज "तू आळशी आहेस, तू वाईट आहेस" ऐकत असतं. आहाराच्या प्रयोगाची ही किंमत कुठल्याच अभ्यासात मोजलेली नसते, मला दवाखान्यात ती दिसते.

मोगरी:
हे शेवटचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं. बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

निवडून खाण्याबद्दल कुणी सांगेल का? जबरदस्ती केली तर ओकारी काढतो. नाटक नाही करत, खरंच काढतो.

आहारवाली:
नाटक नसतंच. एडीएचडी आणि स्वमग्नता असलेल्या बऱ्याच मुलांना पोत, वास, तापमान फार तीव्रतेने जाणवतं. नवीन पदार्थ ताटात नको, शेजारच्या वाटीत ठेवा, खायचा आग्रह नाही, खाल्ल्याचं बक्षीसही नाही. घरातल्यांनी समोर बसून खावा. पुष्कळ मुलांना एक पदार्थ आपला वाटायला दहा-पंधरा वेळा तो नुसता समोर यावा लागतो. त्याला जे चालतं त्याच्याच जवळचं निवडा, एकदम लांबची उडी नको. त्याला कुरकुरीत चालत असेल तर भाजीही कुरकुरीत करा, मऊ करून लपवू नका. लपवलेलं कळलं तर आवडीचा पदार्थही जातो हातातून. वजन घटतंय किंवा पदार्थ एकेक गळत चाललेत असं असेल तर वाट न बघता तज्ज्ञांना दाखवा.

दूध एकदम बंद करू नका. हळूहळू कमी करा आणि जेवणाच्या आधी देऊ नका, नंतर द्या.

अर्धवट_वाक्य:
मी अजून टोमॅटोचा मऊ भाग खात नाही. चाळीस वर्षं लोक समोर ठेवतायत.

गणपुले_नव्हे:
:D

मोगरी:
बऱ्याच दिवसांनी लिहितेय. फेरिटिन ९ आलं. हिमोग्लोबिन जेमतेम काठावर. डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलंय. रंगीत पेयं घरातून गेली, त्याला आठवणही नाही. दूध निम्म्यावर आलंय आणि आश्चर्य म्हणजे दुपारचं थोडं जास्त जेवतो. सासूबाईंनी साखरेचं सोडलेलं नाही, पण रोजनिशी त्याच लिहितात, फार काटेकोर. औषधाला आम्ही हो म्हटलंय, पुढच्या आठवड्यात सुरू. वजन-उंची मोजून ठेवली.

एकच अडचण. सिरपने दात काळे दिसायला लागलेत आणि तो आरशात बघून घाबरला. शीसुद्धा काळी होते. हे ठीक आहे ना?

बालवैद्य:
९ म्हणजे चांगलंच कमी. शी काळी होणं अपेक्षित आहे, त्याला आधीच सांगून ठेवा म्हणजे घाबरणार नाही. दातांवरचा डाग वरवरचा असतो. सिरप स्ट्रॉने किंवा सिरिंजने जिभेच्या मागच्या बाजूला द्या आणि लगेच चूळ भरून दात घासायला लावा. दुधाबरोबर अजिबात नको. संत्र्याच्या रसाबरोबर चालेल, क जीवनसत्त्वाने शोषण वाढतं. पोट दुखलं किंवा शी घट्ट झाली तर मात्रा स्वतः कमी-जास्त न करता डॉक्टरांना फोन करा. साठा भरायला वेळ लागतो, साधारण तीन महिन्यांनी फेरिटिन परत बघतील.

बापमाणूस:
गोळी सुरू झाली की पहिल्या आठवड्याचे डबे परत येतील, त्यावरून वाद नको. नाश्त्याला काय काय चालतं त्याला? इथे लिही, आमच्याकडे जे जे खपलं ते सांगतो.